गोळी दुधाबरोबर घेऊ का? धातूला धरून ठेवणाऱ्या अँटिबायोटिक्सविषयी

"मॅडम, ही गोळी दुधाबरोबर घेतली तर चालेल ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून निदान चार-पाच वेळा तरी ऐकू येतो. अँटिबायोटिक 'गरम', दूध 'थंड', दोन्ही एकत्र घेतलं की पोटाला त्रास नाही, असा त्यामागचा हिशेब असतो. काही गोळ्यांच्या बाबतीत माझं उत्तर 'खुशाल घ्या' असं असतं. काहींच्या बाबतीत मात्र 'अजिबात नको', आणि तिथे मी हट्टाला पेटते. कारण सांगायला दवाखान्यात वेळ होत नाही, बाहेर पंधरा माणसं ताटकळत असतात. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. थोडं रसायनशास्त्र येईल, पण स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही कळेल इतपतच.

बऱ्याच अँटिबायोटिक्सच्या रेणूंना एक खोड असते: धातूचा कण जवळ आला की त्याला धरायचं. धातू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खिळा किंवा तांब्याची कळशी येते. इथे तो अर्थ नाही. दुधातलं कॅल्शियम, पालेभाजीतलं मॅग्नेशियम, रक्तवाढीच्या गोळीतलं लोह, मिठातलं सोडियम, नारळपाण्यातलं पोटॅशियम हे सगळे धातूच. पाण्यात विरघळले की त्यांचा एकेक अणू विजेचा धनभार घेऊन सुटा फिरतो. त्याला आयन म्हणतात. हा आयन कधी उघडा नसतो. पाण्याचे रेणू त्याला चारी बाजूंनी चिकटलेले असतात, आणि ते सहजासहजी सुटत नाहीत.

आता पेशीचं आवरण बघा. जिवाणूची पेशी असो नाहीतर तुमची-माझी, तिच्याभोवती स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या साधारण दोन लाखाव्या भागाइतकी. मिसळीच्या रश्श्यात मीठ घातलं तर ते खालच्या पाण्यात विरघळतं, वरच्या तर्रीत नाही. तसंच इथे. आयन म्हणजे मीठ आणि आवरण म्हणजे तर्री. आयनाला आपल्या बळावर हा थर ओलांडता येत नाही, आणि त्याला तो ओलांडता येत नाही यावरच आपलं जगणं अवलंबून आहे. आपल्या पेशीच्या आत लिटरमागे सुमारे १४० एकक पोटॅशियम असतं, बाहेर रक्तात फक्त चार. सोडियमचं उलटं, बाहेर १४० आणि आत दहाच्या आसपास. हा फरक म्हणजे भरलेली बॅटरी. हृदयाचा ठोका, हाताची हालचाल, आत्ता हे वाचताना मेंदूत चाललेली धावपळ, सगळं या बॅटरीवर. जिवाणूही आपल्या परीने अशीच बॅटरी सांभाळून असतो.

मग या भिंतीतून एखाद्या आयनाला कुणी उचलून पलीकडे नेलं तर?

मातीतले काही सूक्ष्मजीव नेमकं हेच करणारे रेणू बनवतात. त्यातलं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे व्हॅलिनोमायसिन. १९५५ साली जर्मनीत हान्स ब्रोकमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते स्ट्रेप्टोमायसिस गटातल्या एका जिवाणूपासून वेगळं काढलं. याचा रेणू म्हणजे बारा तुकडे जोडून केलेलं ३६ अणूंचं कडं. हे कडं घडी पडून बांगडीसारखं वळतं. बांगडीच्या आतल्या बाजूला ऑक्सिजनचे सहा अणू तोंड आत करून बसलेले, आणि बाहेरची सगळी बाजू तेलकट. पोटॅशियमचा आयन आपलं पाण्याचं वेष्टन उतरवून आत शिरतो, कारण पाण्याच्या ऑक्सिजनऐवजी त्याला बांगडीचे सहा ऑक्सिजन मिळतात. सौदा बरोबरीचा होतो. बाहेरून बघणाऱ्या तर्रीला आता धातू दिसतच नाही, दिसतो तो तेलाचा एक थेंब. तो सहज विरघळतो, पलीकडे जातो, पोटॅशियम सोडतो आणि रिकामा होऊन परत येतो. एक रेणू सेकंदाला हजारो फेऱ्या करू शकतो.

यातली खरी गंमत सोडियमची. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान. मग तो आत सहज मावायला हवा, असं कुणालाही वाटेल. मावतो, पण बसत नाही. कासाराकडे सैल बांगडी भरली की ती मनगटावर नुसती फिरत राहते, तसं होतं. कडं ठरावीक मापाचं आहे, ते आणखी आवळत नाही, म्हणून लहान सोडियमला सहाही ऑक्सिजन एकाच वेळी टेकत नाहीत. शिवाय लहान असल्यामुळे त्याने पाणी जास्त घट्ट धरलेलं असतं. ते सोडून द्यावं इतका मोबदला या बांगडीत मिळत नाही. म्हणून व्हॅलिनोमायसिन सोडियमपेक्षा पोटॅशियमला सुमारे दहा हजार पटीने अधिक पसंती देतं.

जिवाणूवर याचा परिणाम उघड आहे. आतलं पोटॅशियम बाहेर पाझरतं, बॅटरी उतरते, जिवाणू मरतो. मग हे औषध म्हणून का देत नाहीत? कारण तर्री सगळीकडे सारखीच. पेनिसिलिन जिवाणूच्या भिंतीवर हल्ला करतं आणि तशी भिंत आपल्या पेशींना नाही, म्हणून आपण सुटतो. व्हॅलिनोमायसिनला मात्र जिवाणूचं आवरण आणि माणसाचं आवरण यातला फरक कळत नाही. १९६४ साली मूर आणि प्रेसमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवलं की आपल्या पेशींतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियातही ते पोटॅशियम वाहून नेतं. अशा वाहक रेणूंना पुढे प्रेसमन यांनीच आयोनोफोर, म्हणजे आयन वाहून नेणारे, असं नाव दिलं.

सगळेच वाहून नेत नाहीत. काही भोक पाडतात. ग्रॅमिसिडिन हे त्यातलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रेने द्युबो यांनी १९३९ साली मातीतल्या एका जिवाणूपासून जे औषध मिळवलं, त्यातला हा एक घटक. पंधरा अमिनो आम्लांची ही साखळी मळसूत्रासारखी वळते. आवरणाच्या वरच्या थरातला एक रेणू आणि खालच्या थरातला एक असे दोघे तोंडाला तोंड लावून उभे राहिले की आरपार नळी तयार होते. तिच्यातून सेकंदाला कोटीच्या घरात आयन जातात.

एक वाहक आणि दुसरा नळी, हे ठरवलं कसं, असं कुणी विचारेल. त्यासाठी केलेला प्रयोग १९७१ साली प्रसिद्ध झाला आणि तो मला फार आवडतो, कारण तो कुठल्याही गृहिणीला सुचावा असा आहे. थंडीत तूप थिजतं, तसंच कृत्रिम आवरणही गार केल्यावर थिजतं. शास्त्रज्ञांनी ते थिजवलं. व्हॅलिनोमायसिनची ने-आण एकदम बंद पडली. ग्रॅमिसिडिनमधून आयन जातच राहिले. खाडीचं पाणी गोठलं तर होडी अडकेल, पुलाला काय फरक पडणार?

ग्रॅमिसिडिन शिरेतून दिलं तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात. म्हणून ते पोटात किंवा रक्तात कधीच दिलं जात नाही. डोळ्यांच्या काही थेंबांत मात्र इतर औषधांबरोबर ते असतं. तुमच्या घरातल्या एखाद्या बाटलीवर हे नाव सापडेलही.

याच भावंडांतलं मोनेन्सिन सोडियम वाहतं. कोंबड्यांना होणाऱ्या कॉक्सिडिओसिस नावाच्या आतड्याच्या रोगावर ते खाद्यातून देतात. कोंबडी ते बऱ्यापैकी सहन करते. घोडा मात्र नाही. कोंबडीला जिवघेणी ठरणारी मात्रा वजनाच्या किलोमागे सुमारे २०० मिलिग्रॅम, तर घोड्याला दोन-तीन मिलिग्रॅम पुरते. त्याच्या हृदयाचे स्नायू निकामी होतात. चुकून पोल्ट्रीचं खाद्य खाऊन घोडे दगावल्याच्या घटना पशुवैद्यकाच्या पुस्तकांत नोंदलेल्या आहेत. कुणाच्या घरी घोडा आणि कोंबड्या दोन्ही असतील तर एवढं लक्षात ठेवा.

आणि व्हॅलिनोमायसिन? ते औषध झालं नाही, पण तुमच्यापैकी अनेकांच्या उपयोगी पडून गेलेलं आहे. किडनीचा आजार, हृदयासाठी लघवीच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं यांत आम्ही पुन्हा पुन्हा पोटॅशियम तपासायला सांगतो. ते साडेतीन ते पाचच्या दरम्यान असावं. साडेसहा-सातच्या वर गेलं की हृदय कधी बंद पडेल याचा भरवसा नाही. आता विचार करा, रक्ताच्या पाण्यात एका पोटॅशियममागे पस्तीस सोडियम आहेत, दोघांचा भार सारखा, स्वभावही बराचसा सारखा. या गर्दीतून यंत्र पोटॅशियमच कसं ओळखतं? त्यासाठी झुरिकमधल्या विल्हेल्म सायमन यांनी १९६६ च्या सुमारास याच बांगडीचा वापर केला. प्लास्टिकच्या पातळ पडद्यात व्हॅलिनोमायसिन मिसळलं की तो पडदा पोटॅशियमपुरताच उघडा होतो, आणि दोन्ही बाजूंच्या विजेच्या फरकावरून आकडा काढता येतो. लॅबमधल्या इलेक्ट्रोलाइट मशीनमध्ये पोटॅशियमचा जो इलेक्ट्रोड असतो, तो सामान्यतः याच तत्त्वावर चालतो. डायलिसिस आज करायचं की उद्या चालेल, हा निर्णय मी ज्या आकड्यावर घेते, त्याच्यामागे मातीतल्या जिवाणूचं हे विष उभं असतं.

(जाता जाता: रक्त काढताना किंवा नेताना लाल पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटा वाढतो. 'पुन्हा रक्त द्या' म्हटलं की लॅबवाल्यावर चिडू नका.)

आता दुधाकडे येऊ.

टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन हा एक गट, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन हा दुसरा. या दोन्ही गटांनाही धातू धरण्याची खोड आहे. पण त्यांची पकड बांगडीची नाही, चिमट्याची आहे. रेणूच्या एका कडेला शेजारी शेजारी दोन ऑक्सिजन असतात, त्यांच्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह किंवा ॲल्युमिनियमचा आयन पकडला जातो. उरलेल्या बाजूंनी तो आयन उघडाच राहतो, पाण्याने वेढलेला, भारासकट. व्हॅलिनोमायसिनने धातूला तेलकट पांघरुणात गुंडाळलं होतं. इथे पांघरूण नाही. उलट आतापर्यंत मोकळं असलेलं औषधच आता धातूचं ओझं गळ्यात घेऊन बसतं. आतड्याच्या पेशींच्या आवरणातून ही जोडी जात नाही. कधी ती न विरघळणारा गाळ होते. कधी विरघळलेली राहते, पण शोषली जात नाही. शेवटी शौचावाटे निघून जाते. गोळी घेतली असं आपण म्हणतो, पण रक्ताच्या दृष्टीने ती घेतलेलीच नसते.

किती फरक पडतो? ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असलेलं ॲसिडिटीचं पातळ औषध घेऊन पाच-दहा मिनिटांनी सिप्रोफ्लॉक्सासिन घेतलं, तर रक्तात पोहोचणारं औषध ८० टक्क्यांहून अधिक घटतं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळीने साधारण निम्म्याच्या आसपास, नुसत्या दुधाने तिसरा हिस्सा. जुनं टेट्रासायक्लिन दुधाने निम्म्यावर येतं. डॉक्सिसायक्लिनला दुधाचा त्रास कमी होतो, पण लोह त्याचाही पिच्छा सोडत नाही. शिरेतून दिलेलं डॉक्सिसायक्लिनसुद्धा, पोटात लोहाची गोळी चालू असेल तर, शरीरातून लवकर निघून जातं, कारण रक्तातलं औषध फिरत फिरत आतड्यात उतरतं आणि तिथे लोह त्याला गाठतं.

हे आकडे एरवी पुस्तकातच राहिले असते, पण एका काकूंमुळे ते माझ्या रोजच्या प्रश्नांत आले. वय पासष्टच्या आसपास, किडनीला जंतुसंसर्ग, थंडी वाजून ताप. दुसरीकडे उपचार सुरू होते. पाच दिवस झाले तरी ताप हटेना, म्हणून मुलगा त्यांना घेऊन माझ्याकडे आला. "मॅडम, गोळीला दाद देत नाही, भारी इंजेक्शन लावा, ॲडमिट करा." हातात लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट होता. ई. कोलाय जिवाणू, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर स्पष्ट लिहिलेलं, संवेदनशील. म्हणजे औषध योग्य निवडलेलं होतं, मात्राही बरोबर होती. आपल्याकडे आज अनेक जिवाणू सिप्रोला जुमानत नाहीत, पण हा जुमानणारा होता. सोनोग्राफीत कुठे अडथळा नव्हता, रक्तदाब चांगला होता, क्रिएटिनिन वाढलेलं नव्हतं. मग अडतंय कुठे?

सुनेच्या हातात गोळ्यांची पिशवी होती. मी ती टेबलावर ओतायला लावली. मधुमेहाची गोळी, कॅल्शियमची, लोहाची, सिप्रो, आणि गुलाबी पातळ औषधाची बाटली. विचारलं, देता कशा? ती म्हणाली, "आत्यांना आठवत नाही ना, म्हणून मीच सकाळ-संध्याकाळ सगळ्या एकदम हातावर ठेवते. आधी ते गुलाबी दोन चमचे, जळजळ होते म्हणून. आणि रिकाम्या पोटी नको म्हणून कपभर दूध." इतकी मनापासून सेवा करणारी सून मी क्वचितच पाहिली असेल. पाच दिवस तिने एकही वेळ चुकवली नव्हती, आणि त्या प्रत्येक वेळी कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम हे चौघे सिप्रोची वाट अडवून उभे होते.

मी भारी इंजेक्शन लावलं नाही. मुलगा नाराज झाला, ते दिसत होतं. लोह आणि कॅल्शियम आठवडाभर थांबवलं, जळजळीसाठी धातू नसलेली पँटोप्राझोलची गोळी दिली, सिप्रो साध्या पाण्याबरोबर घ्यायला सांगितलं. रोज फोन करा, उलटी झाली किंवा चक्कर आली तर रात्रीही या, असं बजावलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण हीच गोष्ट उलट घडली असती तर काय झालं असतं याचा विचार करा. सिप्रो 'फेल' असा शिक्का, मग आणखी वरच्या दर्जाचं, शिरेतून द्यायचं, राखून ठेवायला हवं असं औषध, पाच-सात दिवस हॉस्पिटल, आणि बिल. त्यातही वाईट म्हणजे जिवाणूपर्यंत अर्धवट पोहोचणारं औषध त्याला मारत नाही, नुसतं सरावाला बसवतं.

म्हणून वेळापत्रक सांगते. सिप्रोफ्लॉक्सासिन दिवसातून दोनदा असेल तर सकाळी आठ आणि रात्री आठ. लोह, कॅल्शियम, झिंक, मल्टिव्हिटॅमिन जे काही असेल ते दुपारी दोनला. सिप्रोच्या आधी सहा तास आणि नंतर दोन तास या गोष्टी नकोत, हा नियम त्यात आपोआप पाळला जातो. डॉक्सिसायक्लिनलाही हीच वेळ बसते. चहात असतं तेवढं थोडं दूध मोठा अडथळा करत नाही, पण गोळी चहाबरोबर गिळू नका. डॉक्सिसायक्लिनला पेलाभर पाणी हवं आणि गोळी घेऊन लगेच आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून जखम होते. पावसाळ्यात लेप्टोचा धोका असलेल्या भागात, भातखाचरात उतरणाऱ्यांना किंवा पुराच्या पाण्यातून चालत आलेल्यांना डॉक्टर हे औषध देतात तेव्हा त्यांनाही हेच लागू. अमॉक्सिसिलिनला दुधाचं वावडं नाही. थायरॉइडची गोळी अँटिबायोटिक नव्हे, पण तीही कॅल्शियम-लोहापासून चार तास लांब ठेवा, तिचीही हीच तक्रार. आणि घरी उरलेली सिप्रोची पाकिटं आपल्या मनाने कधीही घेऊ नका, त्या गटाचे स्नायुबंधांवर आणि मज्जातंतूंवर होणारे दुष्परिणाम खरे आहेत.

कुणी विचारतं, एवढा त्रास आहे तर शास्त्रज्ञ या रेणूचा तो चिमटाच का काढून टाकत नाहीत? कारण चिमटा गेला की औषधही जातं. टेट्रासायक्लिन ई. कोलायसारख्या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातल्या छिद्रांतून शिरतं ते मॅग्नेशियमला धरून. आतल्या आवरणाशी आल्यावर त्याला सोडून एकटं आत जातं, कारण तिथे तर्री ओलांडायची असते. आत पोहोचलं की पुन्हा मॅग्नेशियम धरतं आणि त्याच्याच आधाराने जिवाणूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर ठाण मांडून बसतं. प्रतिकार करायला शिकलेले जिवाणू त्याला बाहेर फेकतात, तेही मॅग्नेशियम धरलेल्या रूपातच ओळखून. सिप्रोफ्लॉक्सासिनही जिवाणूच्या डीएनएचा गुंता सोडवणाऱ्या एन्झाइमला जखडतं ते मॅग्नेशियमचा एक आयन मध्ये घालून. पोटात जी खोड आडवी येते, तीच जिवाणूच्या आत कामाला येते.

लहान मुलांच्या दातांचंही हेच कारण. या घराण्यातलं पहिलं औषध, ऑरिओमायसिन, १९४८ साली अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेतून जाहीर झालं. ते शोधलं बेंजामिन डगर यांनी, आणि त्या वेळी तिथे संशोधनाचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. पुढच्या वर्षांत ही औषधं मुलांना सर्रास दिली गेली आणि दात पिवळे-तपकिरी निघाले. दात घडत असताना त्यात कॅल्शियम बसतं, औषध त्याला धरून तिथेच कायमचं मुक्कामाला राहतं. म्हणून गरोदरपणी आणि आठ वर्षांखाली आम्ही टेट्रासायक्लिन टाळतो. डॉक्सिसायक्लिनमध्ये हा धोका बराच कमी, त्यामुळे स्क्रब टायफससारख्या जिवावरच्या आजारात लहान मुलालाही थोडे दिवस ते देतात. तेव्हा दातांची भीती घालून औषध थांबवू नका.

शेवटी लोहाबद्दल थोडं. जिवाणूला वाढायला लोह लागतं आणि आपलं शरीर ते फार जपून, प्रथिनांत बांधून ठेवतं. जिवाणू त्यावर उपाय म्हणून लोह धरणारे छोटे रेणू बाहेर सोडतात, त्यांना सिडेरोफोर म्हणतात, आणि लोह घेऊन आलेला हा रेणू खास दरवाजातून आत ओढून घेतात. लग्नाच्या वरातीतून पुण्यात शिरलेले शिवाजी महाराजांचे मावळे आठवतात? सेफिडेरोकॉल नावाचं अँटिबायोटिक असंच आत शिरतं. पेनिसिलिनच्या नात्यातल्या औषधाला लोह धरणारा चिमटा जोडला आहे. जिवाणू लोह आलं म्हणून दार उघडतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, इतर काही चालत नाही अशा जिवाणूंसाठी, आणि ते शिरेतूनच देतात.

हीच युक्ती आपल्यावर उलटतेही. थॅलसेमियात साठलेलं जादा लोह काढण्यासाठी वापरलं जाणारं डेफेरॉक्सामाइन हाही मुळात मातीतल्या जिवाणूचा सिडेरोफोर. डायलिसिसच्या काही पेशंटना ते दिल्यावर म्युकरमायकोसिस झाल्याचं पूर्वी दिसून आलं, कारण ती बुरशी डेफेरॉक्सामाइनने धरलेलं लोह आयतं वापरते. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरच्या बातम्या घरोघरी पोहोचल्या तेव्हा सगळा दोष स्टेरॉइड आणि साखरेला दिला गेला, आणि तो बराचसा खराही होता. पण साखर फार वाढून रक्त आम्लधर्मी झालं की प्रथिनांची लोहावरची पकड सुटते आणि मोकळं झालेलं लोह बुरशीला मिळतं, हाही त्या गोष्टीचा भाग आहे.

म्हणूनच ताप आला की शरीर लोह लपवतं. त्या दिवसांत काढलेल्या रक्तात लोह कमी आणि फेरिटिन जास्त दिसतं. असा रिपोर्ट घेऊन काहीजण लगेच लोहाच्या गोळ्या सुरू करतात, काहीजण लोहाचं सलाईन मागतात. अंगात जंतुसंसर्ग असताना मी लोहाचं सलाईन देत नाही आणि काकूंसारख्यांची चालू गोळीही तेवढे दिवस बंद ठेवते. ताप जाऊन दोन-तीन आठवडे झाले की रक्त पुन्हा तपासू, आणि तेव्हाही लोह कमी निघालं तर गोळी सुरू करू. दुपारी दोनला.